अण्णांनी काय काय सोडलं, ते आधी लिहून काढा

प्रश्न : डॉक्टरताई, मी वाई तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७८ वर्षांचे आहेत. एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. तीस वर्षं विडी ओढली, ती सुटून बारा वर्षं झाली. बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी चालू आहे. सहा-सात महिने झाले, थोडं चाललं की त्यांना दम लागतो, संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, थोडे गॅसेसही आहेत. दिवाळीत बादली घेऊन पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते तिथेच बसले. गेल्या महिन्यात तसंच होऊन पडले, भुवईला टाके घालावे लागले. ईसीजी नॉर्मल आला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यासाठी टू-डी इको केला. त्यात आलंय : महाधमनीची झडप जाड, कॅल्शियम साठलेलं, तीव्र अरुंद; ग्रेडियंट ७८/४६, क्षेत्रफळ ०.७, ईएफ ६० टक्के. 'ईएफ ६० म्हणजे हार्ट उत्तम' असं तिथल्या एकाने सांगितलं. पुढच्या बुधवारी ट्रेडमिल टेस्ट आहे. प्रोस्टेटच्या सोनोग्राफीत पोटातली महाधमनी ४.१ सेंटिमीटर फुगलेली आहे असंही लिहिलंय, पण त्यावर कुणी काही बोललं नाही. भाऊ म्हणतो, या वयात कशाला चिरफाड. अण्णा म्हणतात, मला काही होत नाही. आम्ही काय करावं? — एक लेक

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातल्या बुधवारपासून सुरुवात करते, कारण बाकीचं चार दिवस थांबेल, ते थांबणार नाही. ट्रेडमिल टेस्ट रद्द करा. ज्याची झडप इतकी अरुंद आहे आणि जो श्रम करताना दोनदा कोसळला आहे, त्याला पट्ट्यावर चालवायचं नसतं. अण्णा त्या पट्ट्यावरच भोवळ येऊन पडू शकतात, ठोक्यांची लय बिघडू शकते, जीवही जाऊ शकतो. ही टेस्ट कुणी आणि का लिहिली यात मी शिरत नाही. इकोचा कागद आणि टेस्टची चिठ्ठी एका टेबलावर आलेच नसावेत, असं बऱ्याचदा होतं. तुम्ही फोन करा आणि एवढंच सांगा : "इकोत सीव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस आहे आणि पेशंटला श्रम करताना दोनदा चक्कर आली आहे." सीव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस म्हणजे महाधमनीची झडप तीव्र अरुंद असणं; पुढचं त्यांना कळेल.

गुडघ्याची तारीखही पुढे ढकला. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली की रक्तदाब झपकन उतरतो, आणि अरुंद झडपेमागच्या हृदयाला तो उतार सावरता येत नाही. याच कारणाने, छातीत दुखलं म्हणून शेजारच्या कुणी जिभेखालची गोळी पुढे केली तर ती अण्णांना देऊ नका. बीपीच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. जड उचलणं, जिने भराभर चढणं, उन्हात उपाशी हिंडणं एवढं थांबवा आणि आठवड्याभरात हृदयरोगतज्ज्ञाची वेळ घ्या. या मधल्या दिवसांत पुन्हा शुद्ध हरपली, बसल्या जागी दम लागला किंवा रात्री आडवं होता येईना, तर वेळेची वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

आता झडपेचं सांगते. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडतं ते महाधमनीत, आणि तिच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. धडधाकट माणसात ती उघडली की वाट तीन ते चार चौरस सेंटिमीटर असते. पाकळ्यांवर वर्षानुवर्षं कॅल्शियम बसत गेलं की त्या ताठर होतात आणि वाट आक्रसते. एक चौरस सेंटिमीटरच्या खाली गेली की आम्ही तिला तीव्र म्हणतो, अण्णांची ०.७ आहे. तुमच्या कागदावरचे दोन आकडे, ७८ आणि ४६, हे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक सांगतात. पहिला कमाल, दुसरा सरासरी. सरासरी ४० च्या पुढे गेली की तीव्र. म्हणजे क्षेत्रफळ आणि दाब दोघंही एकच गोष्ट सांगताहेत. असं नेहमी होत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

अण्णा एसटीचे मेकॅनिक, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. इंजिन ठणठणीत आहे, पण सायलेन्सर आतून चोंदलाय. आगारात उभी असताना गाडी सुरू होते, आवाजही ठीक येतो. पसरणी घाटाला लागली की मात्र ओढ घेत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर बंद पडते. अण्णांची अंधारी ही तशी आहे. बादली घेऊन पायऱ्या चढताना पायांचे स्नायू रक्त मागतात, तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, पण चिंचोळ्या वाटेतून जास्तीचं रक्त बाहेर पडूच शकत नाही. रक्तदाब घसरतो आणि मेंदूला काही क्षण पुरवठा कमी पडतो.

'ईएफ ६० म्हणजे हार्ट उत्तम' हे वाक्य मी दर महिन्याला ऐकते आणि दर वेळी मला त्याची भीती वाटते. ईएफ सांगतं की डावा कप्पा एका ठोक्यात आतल्या रक्ताचा किती हिस्सा बाहेर ढकलतो. साठ टक्के चांगलेच आहेत. पण ते ढकलायला हृदयाला किती जोर लावावा लागतोय, ते त्या आकड्यात दिसत नाही. उलट याचा अर्थ असा घ्या की इंजिन अजून शाबूत आहे आणि अडथळा काढायला हीच वेळ चांगली आहे. ईसीजीचंही तेच. हृदयातल्या विजेची ती नोंद आहे. झडप तिला दिसत नाही. कप्प्याची भिंत जाड झाल्याच्या खुणा कधी कधी ईसीजीत उमटतात, कधी उमटत नाहीत. निजवून काढलेला नॉर्मल ईसीजी हातात घेऊन धाप लागलेल्या माणसाला घरी पाठवणं, ही चूक मी तरुणपणी केली आहे, म्हणून ठासून लिहिते.

आणि त्याहून मोठी एक चूक घरातच केली. माझी थोरली मावशी कोकणात राहायची. दर मे महिन्यात मी तिच्याकडे जायचे. एका वर्षी तिने माळ्यावरची आमसुलं आणायला मला चढवलं. पुढच्या वर्षी तिचं अंथरूण खालच्या खोलीत आलं होतं. त्यापुढच्या वर्षी आरतीला ती उभी राहिली नाही, खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. आम्ही सगळे म्हणालो, मावशी थकली. मी एमडी झालेली, पिशवीत स्टेथोस्कोप असायचा, आणि तिच्या छातीवर तो एकदाही ठेवला नाही. शेवटी एका पहाटे फुप्फुसांत पाणी भरून ती इस्पितळात गेली, तेव्हा पंचविशीतल्या एका निवासी डॉक्टरने तिच्या मानेवर स्टेथोस्कोप ठेवून सांगितलं की झडपेचा आवाज इथपर्यंत येतोय. त्या आठवड्यातच ती गेली. तिला 'काय होतंय' असं विचारलं असतं तर तिनेही 'काही नाही' म्हटलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. जे केलं की त्रास व्हायचा, ते तिने एकेक करून सोडून दिलं होतं.

म्हणून तज्ज्ञाकडे जाण्याआधी एक काम करा. अण्णांना काय होतंय हे विचारू नका; दोन वर्षांपूर्वी ते काय करत होते आणि आता काय करत नाहीत, ते लिहून काढा. दासनवमीला सज्जनगडाच्या पायऱ्या चढत असतील तर कधीपासून खालीच थांबतात? बाजारातून पिशवी एका दमात आणत होते की मध्ये कट्ट्यावर टेकत होते? बोलत बोलत चालतात की चालताना गप्प होतात? रात्री किती उशा लागतात, मध्येच उठून खिडकीशी बसतात का? वही घेऊन आईला विचारा, तिला सगळं ठाऊक असेल. दम लागण्याचं वय नसतं, ताई. ७८ व्या वर्षी माणूस सावकाश चालेल, पण घराच्या पायऱ्यांवर दम लागला तर कारण शोधायचंच असतं.

त्या यादीवर इतका जोर का देते, तर या आजारात लक्षणं सुरू झाली की घड्याळ बदलतं. झडप अरुंद होत असताना माणूस दहा-पंधरा वर्षं बिनतक्रार असतो. मग छातीत दुखणं, श्रम करताना भोवळ येणं किंवा धाप लागणं यांपैकी काही सुरू होतं. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांची माहिती मांडली. छातीत दुखू लागल्यावर सरासरी पाच वर्षं, भोवळ येऊ लागल्यावर तीन, आणि हृदय थकल्याची धाप सुरू झाल्यावर दोन, असा तो हिशेब होता. तो जुना आहे आणि त्यांचे रुग्ण अण्णांपेक्षा तरुण होते. तरी गोळ्यांनी ही वाट रुंद होत नाही, हे आजही तितकंच खरं आहे. म्हणून भुवईवरचे टाके हा मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर वाटला.

तज्ज्ञाकडे काय होईल? आधी ते अण्णांना शर्ट काढायला लावतील. न लावल्यास तुम्ही आठवण करा. उजव्या बाजूला दुसऱ्या बरगडीखाली एक खरखरीत आवाज येतो, करवतीने लाकूड कापल्यासारखा, आणि तो मानेतल्या धमन्यांपर्यंत जातो. मानेतली नाडी ठसठशीत लागण्याऐवजी हळूहळू वर येते. वयस्क माणसांत एक फसवी गोष्ट होते. झडप फारच ताठर झाली किंवा हृदय दमलं की हा आवाज मोठा होण्याऐवजी बारीक होतो. म्हणजे 'आवाज फारसा नाही' हा दिलासा नसतो.

मग टू-डी इको पुन्हा होईल, आणि तो हृदयरोगतज्ज्ञांच्या हातून व्हावा. ही तपासणी बघणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. रक्ताच्या धारेचा वेग मोजताना ध्वनिलहरी त्या धारेच्या रेषेत पडाव्या लागतात. कोन चुकला की वेग कमी दिसतो आणि तीव्र आजार मध्यम वाटतो. वेग सेकंदाला चार मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर आजार तीव्र. अण्णांच्या ग्रेडियंटवरून तो साडेचारच्या आसपास निघतो.

मघाशी म्हटलं की आकडे नेहमी एकमताचे नसतात. इतर वाचकांसाठी हे जरा सविस्तर लिहिते, कारण म्हाताऱ्या माणसांचं निदान नेमकं इथेच निसटतं. क्षेत्रफळ ०.८ आलं आणि सरासरी ग्रेडियंट मात्र २८ च, असं असलं की काही जण 'मध्यम आहे, वर्षभराने या' म्हणतात. हृदयच दुबळं झालं असेल किंवा कप्पा लहान आणि जाड असेल, तर एका ठोक्यात रक्तच कमी बाहेर पडतं, आणि रक्त कमी तर दाबातला फरकही कमी. कालव्यात पाणीच नसेल तर दरवाजा किती गंजलाय हे पाण्याच्या जोरावरून कसं कळणार? लहान चणीच्या, रक्तदाब असलेल्या सत्तरीपुढच्या बायकांत हे पुष्कळ दिसतं. अशा वेळी औषध देऊन हृदयाचा जोर वाढवून पुन्हा इको करतात, किंवा साधा सीटी स्कॅन काढून झडपेवरचं कॅल्शियम मोजतात. पुरुषांत हा आकडा साधारण २००० च्या आणि बायकांत १२०० च्या पुढे असेल तर झडप तीव्र अरुंद असण्याची शक्यता दाट. बायकांचा उंबरठा खाली आहे, हे लक्षात ठेवा. पुरुषांच्या मापाने बाईला निरोगी ठरवू नये.

अण्णांना या कोड्यात पडायची गरज दिसत नाही. त्यांना सीटी लागेल तो पुढच्या उपचाराची आखणी करायला : झडपेच्या कड्याचं माप, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या कुठून निघतात ते, आणि मांडीपासून वर जाणारा रस्ता कसा आहे ते. त्यात शिरेतून औषध देतात आणि ते मूत्रपिंडाला जड जाऊ शकतं, म्हणून आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाने तर नक्कीच. सोबत अँजिओग्राफी सांगतील, कारण या वयात झडपेच्या जोडीला रक्तवाहिन्यांत अडथळे असणं नेहमीचं आहे.

तपासणीत आणखी काही गोष्टी सुटू देऊ नका. अण्णांचा रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत मोजायला सांगा. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब पडतो. अंधारीत तिचाही वाटा असेल, पण म्हणून झडपेचं महत्त्व कमी होत नाही. घोट्यांवरच्या सुजेसाठी बीपीची गोळी कोणती आहे ते बघा. ॲम्लोडिपिनने अशी सूज पुष्कळांना येते आणि ती दर वेळी हृदयाची नसते. हिमोग्लोबिन करून घ्या. या झडपेच्या रुग्णांत आतड्यातून थोडं थोडं रक्त जाण्याचा एक प्रकार असतो, हाईड नावाच्या डॉक्टरने तो १९५८ साली नोंदवला. शौच काळी होत असेल तर लाजू नका, सांगा. नाडी अनियमित लागते का, तेही पाहायचं. आणि अण्णांच्या दोन्ही हातांना कधी मुंग्या येऊन मनगटाचं ऑपरेशन झालं असेल तर ते जरूर सांगा. हृदयाच्या स्नायूत एक प्रकारचं प्रथिन साठण्याचा आजार म्हातारपणी या झडपेच्या जोडीने येतो आणि हातांच्या मुंग्या ही त्याची कित्येक वर्षं आधीची खूण असते.

आता पोटातल्या महाधमनीकडे. त्यावर कुणी बोललं नाही, याचं मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. सोनोग्राफी प्रोस्टेटसाठी, वाचणारे प्रोस्टेटचे, आणि महाधमनीची ओळ पानाच्या मध्यावर. ही वाहिनी पोटात साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या पुढे गेली की तिला फुगा, म्हणजे एन्युरिझम, म्हणतात. अण्णांचा ४.१ आहे. पुरुषांत ५.५ च्या आसपास आणि बायकांत ५ च्या आसपास पोचला की दुरुस्तीचा विचार करतात, कारण तोवर फुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्यापेक्षा कमी असतो. तेव्हा आज यावर सुरी नको; वर्षाने पुन्हा सोनोग्राफी, जमल्यास त्याच केंद्रात, आणि मधल्या काळात रक्तदाब काबूत. झडपेसाठी सीटी होईल तेव्हा हा भागही त्यात घ्यायला सांगा, म्हणजे माप पक्कं होईल आणि मांडीतून नळी वर नेणाऱ्यांनाही तो आधीच ठाऊक असेल. तीस वर्षांच्या विडीचं हे देणं आहे. अण्णांनी ती सोडली हे फार चांगलं केलं. तुमचा भाऊ ओढत असेल तर त्याला हे वाचायला द्या. हा फुगा घराण्यात उतरतो, तेव्हा साठीच्या आसपास त्यानेही पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यावी. इंग्लंडमध्ये ६५ व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला या एका तपासणीसाठी बोलावतात. आपल्याकडे अशी सरसकट पद्धत नाही, म्हणून दुसऱ्या कारणाने निघालेल्या रिपोर्टातली ही ओळ आपणच पकडायची.

हा फुगा बहुतेकदा गप्प असतो. तो बोलतो तेव्हा पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक असह्य कळ येते, घाम फुटतो, माणूस पांढरा पडतो. वयस्क पुरुषात पहिल्यांदाच असा 'मुतखडा' उठला तर तो मुतखडा मानण्याआधी महाधमनी बघायची. अण्णांना असं झालं तर पोचताक्षणी पहिलं वाक्य हेच : "पोटातली महाधमनी फुगलेली आहे, ४.१ होती." रिपोर्टचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

महाधमनीचं आणखी एक दुखणं आहे, ते अण्णांना नाही, पण पत्राच्या निमित्ताने सांगितलंच पाहिजे. तिच्या भिंतीचा आतला थर चिरतो आणि रक्त दोन थरांमध्ये घुसतं. वेदना पहिल्या क्षणीच टोकाची असते. छातीत किंवा दोन खवाट्यांच्या मध्ये, काहीतरी फाटल्यासारखी, कधी पोटाकडे सरकणारी. हार्ट ॲटॅकची कळ बऱ्याचदा चढत जाते, ही एकदम येते. ईसीजी पुष्कळदा साधाच असतो. दोन्ही हातांचा रक्तदाब मोजला तर कधी कधी वीसहून अधिक फरक निघतो, आणि तो मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. निदान होतं सीटी अँजिओग्राफीने. हार्ट ॲटॅक समजून गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं गेलं तर अनर्थ होतो. हृदयाजवळची वाहिनी चिरली असेल आणि उपचार झाले नाहीत, तर पहिले दोन दिवस दर तासाला शंभरातले एक-दोन जण दगावतात. मायकेल डिबेकी या अमेरिकन सर्जननी १९५० च्या दशकात याच चिरेवरची शस्त्रक्रिया घडवली. २००५ च्या ३१ डिसेंबरला, वयाच्या ९७ व्या वर्षी, तीच कळ त्यांच्या छातीत उठली, आणि त्यांना आधी वाटलं, हार्ट ॲटॅक आला. फेब्रुवारीत त्यांच्यावर त्यांच्याच पद्धतीने शस्त्रक्रिया झाली आणि ते २००८ पर्यंत जगले. त्यांच्यासारखी सोय सगळ्यांना मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण 'या वयात कशाला' असं म्हणणाऱ्या तुमच्या भावाला ही हकीकत जरूर सांगा.

भावाची धास्ती मात्र खोटी नाही. त्याच्या डोळ्यांपुढे छाती उघडलेली आहे, आणि पूर्वी तोच एक मार्ग होता. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधल्या रुआँ इथे अलँ क्रिबिए यांनी पहिल्यांदा माणसात नळीतून नवी झडप बसवली. त्याला आता सगळे टावी म्हणतात. मांडीच्या रक्तवाहिनीतून घडी केलेली झडप वर नेतात आणि जुन्या झडपेच्या आत उघडतात. पंचाहत्तरीच्या पुढे, रस्ता चांगला असेल तर, बहुतेक वेळा हाच मार्ग सुचवला जातो. काही दिवसांत माणूस घरी येतो. धोका नाही असं मी म्हणणार नाही : काहींना पेसमेकर लागतो, थोड्यांना पक्षाघात होतो, मांडीतून रक्तस्राव होऊ शकतो. अण्णांच्या बाबतीत हे धोके किती, ते तज्ज्ञाला स्पष्ट विचारा आणि लिहून घ्या. विस्मरणाने अंथरुणाला खिळलेला किंवा दुसऱ्या आजाराने काही महिन्यांचाच सोबती असलेला माणूस असेल, तर मीही 'नको' म्हणते. गेल्या वर्षापर्यंत स्वतःची बादली स्वतः भरणारा माणूस त्यात बसत नाही.

खर्चाचं : झडपच लाखांत जाते, हे आधीच समजून असा. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. ते आजच काढून ठेवा. त्यात आणि महात्मा फुले योजनेत अण्णांचा नेमका कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नव्हे. टावी आवाक्याबाहेर गेली, तर छाती उघडून झडप बदलण्याचा मार्ग ७८ व्या वर्षीही प्रकृती बघून खुला असतो. तो आपणहून खोडून टाकू नका.

आणि अण्णांशी बोला. तुमच्या पत्रात अण्णांबद्दल सगळे बोलताहेत, अण्णांना मात्र कुणी काही सांगितलेलं दिसत नाही. 'घाबरतील' म्हणून लपवू नका. दोनदा कोसळलेला माणूस आधीच घाबरलेला असतो, आणि 'मला काही होत नाही' हे बहुतेक तुमच्यासाठी म्हटलेलं असतं. जेवणं झाल्यावर इकोचा कागद घेऊन शेजारी बसा. त्यांना म्हणा, अण्णा, गाडीचं इंजिन चांगलं आहे, आगारात नीट सुरू होते, पण पसरणी घाटात दोनदा बंद पडली. तुम्ही काय तपासलं असतं? मग त्यांना बोलू द्या. काय करायचं आणि काय नाही, ते त्यांच्या तोंडून आलेलं त्याच वहीत लिहा आणि ती वही तज्ज्ञाकडे नेताना बरोबर ठेवा.